नळापर्यंतचं अंतर : प्रकल्प नोंदी

१५ जुलै

विषय ठरला. विद्यापीठाच्या आवारात कोणत्या विभागाला पिण्याचं पाणी लांब पडतं, याचा नकाशा. जोडीदार भूगोलातली, मी संख्याशास्त्रातून आलेली. तिला नकाशा वाचता येतो, मला तक्ता. दोघींचं मिळून काहीतरी होईल. (या विषयाला मराठीत 'अवकाशीय विश्लेषण' म्हणतात. घरी सांगितलं तर आजीला वाटलं, मी उपग्रह सोडणार आहे.)

मॅडमना एक पानी टिपण दाखवलं. 'नळापासून २०० मीटरच्या आतले विभाग जवळचे, बाकीचे लांबचे' असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी २०० वर पेन्सिलीनं गोल केला.

"हे कुठून आणलंत?"

कुठूनच नाही. आकडा बरा दिसला.

"आणि अंतर कोणाचं? पक्ष्याचं की माणसाचं?"

आम्ही दोघी हसलो. विषय मंजूर झाला, बाहेर पडलो.

१९ जुलै

पहिली लॅब. सुरुवात ठरलेली: १८५४, लंडन, सोहो, कॉलरा. ३१ ऑगस्टला साथ भडकली, पहिल्या तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास १२७ माणसं गेली, ८ सप्टेंबरला तिथल्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. डॉ. जॉन स्नोनं नकाशावर घरोघरच्या मृत्यूंसाठी काळ्या रेघा रचल्या आणि त्या रेघांची गर्दी त्या एका पंपाभोवती दिसली.

आम्हाला दोन लेयर (नकाशाचे थर) मिळाले, मृत्यूंचा आणि पंपांचा. पंपांवरून व्होरोनॉय बहुभुज काढले. म्हणजे प्रत्येक पंपाला त्याचं त्याचं राज्य. त्या राज्यातल्या कुठल्याही जागेला दुसऱ्या कुठल्याही पंपापेक्षा तोच जवळचा. मग कोणत्या राज्यात किती मृत्यू ते मोजलं. वीस मिनिटांत आटोपलं. जोडीदार म्हणाली, "बिचाऱ्याला केवढी पायपीट करावी लागली असेल, आपण बटण दाबलं."

मॅडमनी लगेच हवा काढली. नकाशा बघून स्नोला पंप सापडला, ही सांगायला सोपी गोष्ट आहे. खरं तर दूषित पाण्यावर त्याचा संशय आधीपासूनच होता, लोकांच्या दारात जाऊन त्यानं चौकशी केली होती, आणि नकाशा नंतर, इतरांना पटवायला काढला. दांडा काढला तोवर साथ ओसरायलाही लागली होती. मला त्यातला बिअरच्या कारखान्याचा तुकडा सगळ्यात आवडला. ब्रॉड स्ट्रीटला लागूनच कारखाना, सत्तरहून जास्त कामगार, आणि कॉलऱ्यानं एकही मृत्यू नाही. कारण ते कामावर बिअरच प्यायचे, शिवाय कारखान्याची स्वतःची विहीर होती. पंपाच्या इतक्या जवळ असून त्या जागेवर रेघ नाही. आमच्या तक्त्यात हा कारखाना नव्हताच. जिथे काही घडलं नाही त्याची ओळ कोण भरतं?

२४ जुलै

फोनवर भरायचा फॉर्म तयार केला. सोपं वाटलं होतं, अख्खी दुपार गेली. भांडण एकाच रकान्यावरून: 'चालू आहे का?'

नळ चालू आहे, पण पाणी करंगळीएवढं येतंय, हे काय धरायचं? कूलर चालू आहे, पण पेला नाही? सकाळी चालू, दुपारी बंद? शेवटी ठरलं: अर्ध्या लिटरची बाटली एका मिनिटात भरली तर चालू, नाहीतर बंद. आणि प्रत्येक नोंदीला तारीख-वेळ सक्तीची. शिवाय मजला, प्रकार (नळ, कूलर, टाकीची तोटी), आणि फोननं दाखवलेली अचूकता.

अचूकतेवर मॅडमचा आग्रह होता. उपग्रहाचा संकेत यायला किती वेळ लागला यावरून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा सापडायला हवी, पण फोनचं घड्याळ काही अणुघड्याळ नसतं, आणि घड्याळ एका मायक्रोसेकंदानं चुकलं तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं. म्हणून ती घड्याळाची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. मोकळ्या आकाशाखाली साध्या फोनची चूक साधारण ५ मीटरची. आमचे नळ मात्र मोकळ्या आकाशाखाली नाहीत, जिन्याखाली आहेत.

२८ जुलै

सर्वेक्षणाचा पहिला दिवस. ग्रंथालयामागच्या नळाशी उभी राहिले, तर स्क्रीनवरचा निळा ठिपका वाचनकक्षाच्या मधोमध. दोन मिनिटं थांबले. ठिपका सरकत सरकत उपाहारगृहात गेला. पाच मिनिटं थांबून सरासरी काढली, तरीही आतच. संकेत समोरच्या उंच भिंतीवर आपटून येत असेल तर तो दर वेळी लांबचाच रस्ता घेणार. एकाच बाजूची चूक सरासरीनं जात नाही. हे संख्याशास्त्राच्या वर्गात मी स्वतः दुसऱ्यांना समजावलं आहे, आणि तरी पाच मिनिटं उभी राहिले.

शेवटी ठरवलं, इमारतीला चिकटलेल्या नळांचा ठिपका उपग्रहचित्रावर बघून हातानं ठेवायचा आणि 'हाताने ठेवला' असा रकाना वाढवायचा.

मागच्या फाटकावरचे पहारेकरी काका बराच वेळ बघत होते. "मीटरचं रीडिंग घ्यायला आलात का?" नाही म्हटलं, नकाशा करतोय, पिण्याच्या पाण्याचा. "मग तिकडचा लिहिलात का, वर्कशॉपच्या अंगणातला?" तो आमच्या यादीत नव्हता. कार्यालयातून मिळालेल्या यादीत ३४ जागा होत्या. काकांनी उभ्या उभ्या आणखी तीन सांगितल्या. वर हेही सांगितलं की हे फाटक सहाला बंद होतं. ते मी वहीत लिहिलं, फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता.

२ ऑगस्ट

सर्वेक्षण संपलं, ४१ जागा. फाइल क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि आवारात एकही ठिपका नाही.

नकाशा लहान केला, आणखी लहान केला, तेव्हा ३९ ठिपके भलत्याच ठिकाणी एका पुंजक्यात दिसले. एक्सच्या जागी अक्षांश, वायच्या जागी रेखांश. बोलताना आपण 'अक्षांश-रेखांश' म्हणतो, पण आडवा अक्ष म्हणजे एक्स, आणि पूर्व-पश्चिम मोजतो तो रेखांश. बोलण्याचा क्रम आणि आलेखाचा क्रम उलटा आहे. मी बोलण्याच्या क्रमानं भरलं.

उरलेले दोन ठिपके आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात. त्या दोन नोंदींत जागेचे रकाने रिकामे राहिले होते, आणि मधल्या एका पायरीत रिकाम्याचं शून्य झालं. शून्य अक्षांश, शून्य रेखांश. जगभरच्या अशा हरवलेल्या नोंदी तिथेच जाऊन पडतात, म्हणून नकाशेवाल्यांनी त्या नसलेल्या बेटाला 'नल आयलंड' नाव ठेवलंय ('नल' म्हणजे इंग्रजीत रिकामं). जोडीदार म्हणाली, "आपल्यासाठी नळ आयलंड." दिवसभरातलं एवढंच बरं झालं.

५ ऑगस्ट

आजची नोंद लांब होणार, कारण आज मी तीन वेगवेगळ्या प्रकारांनी चुकले आणि तिन्ही वेळा सॉफ्टवेअर गप्प बसलं.

एक. प्रत्येक नळाभोवती २०० मीटरचं वर्तुळ काढायचं होतं. बफरच्या चौकटीत २०० लिहिलं, बटण दाबलं. अख्खं जग रंगलं. आमची माहिती ईपीएसजी ४३२६ मध्ये (ईपीएसजी म्हणजे जागा मोजायच्या प्रणालींचे क्रमांक), म्हणजे साधे अक्षांश-रेखांश, आणि त्यांचं एकक अंश. मी २०० अंशांचं वर्तुळ मागितलं होतं. ते मिळालं.

दोन. जोडीदारानं हिशोब केला: अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटर, मग २०० मीटर म्हणजे ०.००१८ अंश. वर्तुळं आली, दिसायलाही गोल. पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तोही सुमारे १११ किलोमीटर, आणि ध्रुवाकडे जाताना आकसत आकसत ६० अंश अक्षांशावर निम्मा. म्हणजे पडद्यावरची गोल वर्तुळं जमिनीवर चेपलेली होती. विषुववृत्ताजवळ फरक जाणवणारही नाही, म्हणून तर ही चूक जास्त वाईट.

तीन. हे सुधारायला मी लेयरची निर्देशांक प्रणाली, म्हणजे जागेचे आकडे कशात मोजायचे ते, बदलली. 'प्रणाली ठरवा' निवडलं, मीटरवाली यूटीएम दिली. सगळे नळ गायब.

तासाभरानं उमगलं. प्रणाली ठरवणं आणि प्रणालीत रूपांतर करणं या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिली फक्त पाटी बदलते. एखाद्यानं '५ फूट' असं लिहिलंय आणि आपण फूट खोडून मीटर लिहिलं, तर लांबी वाढत नाही, खोटी होते. माझे अंशांतले आकडे तसेच राहिले आणि मी त्यांना मीटर म्हणायला लागले, म्हणून सगळे नळ त्या पट्ट्याच्या मूळ बिंदूपाशी जाऊन बसले. रूपांतर केलं की आकडेच बदलतात. यूटीएममध्ये पृथ्वीचे ६ अंश रुंदीचे ६० उभे पट्टे असतात. आपला पट्टा कोणता ते एकदा नीट पाहून घेतलं की आपल्या आवाराएवढ्या जागेत मीटर बऱ्यापैकी मीटरच राहतो. मध्यरेषेवरसुद्धा ०.९९९६ चा गुणक असतो, म्हणजे किलोमीटरमागे ४० सेंटीमीटरचा फरक. नळासाठी चालेल.

चौथी चूक होता होता वाचली. मागे लावलेला तयार नकाशा वेब मर्केटरमध्ये असतो, ईपीएसजी ३८५७. त्याचंही एकक मीटर, म्हणून जोडीदार म्हणाली हेच वापरू. पण नकाशाकार मर्केटरनं १५६९ मध्ये हे प्रक्षेपण दर्यावर्दींसाठी केलं. दिशा अचूक राहाव्यात म्हणून अंतराचा बळी दिला. ६० अंशांवर त्यातला मीटर जमिनीवरच्या अर्ध्या मीटरएवढाच. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं ते याच पायी; खरं तर आफ्रिका सुमारे चौदापट मोठी. आम्हाला हे कळलं कसं? बफर २०० चा काढला आणि मोजपट्टीच्या साधनानं त्रिज्या मोजली, तर आकडे जुळेनात. मोजपट्टी पृथ्वीचा फुगीरपणा धरून मोजते, बफर सपाट कागदावर काढला जातो. दोघांचं भांडण झालं म्हणून आम्ही जागे झालो.

१० ऑगस्ट

जोडीदारानं तिच्याकडच्या रस्त्यांची शेपफाइल (नकाशाची माहिती साठवायचा एक प्रकार) पाठवली. एकच फाइल, .एसएचपी. उघडेना. शेपफाइल नावालाच एक. आकार एका फाइलीत, क्रमांकसूची दुसऱ्या, तक्ता तिसऱ्या, आणि प्रक्षेपणाची माहिती चौथ्या. चौघी एकत्र राहिल्या तरच संसार.

मग माझ्या नळांची शेपफाइल केली, तर रकान्यांची मुंडकी उडालेली. 'पाण्याचा_प्रकार' चं उरलं 'पाण'. 'पाण्याची_वेळ' चंही 'पाण', त्यामुळे दुसऱ्याला आकडा चिकटला. शेपफाइलच्या तक्त्यात रकान्याचं नाव १० बाइटांत बसावं लागतं. रोमन अक्षराला एक बाइट, म्हणून त्यांना दहा अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये (संगणकात अक्षरं साठवायची पद्धत) तीन, आणि काना-मात्रा वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. म्हणजे मराठीला तीन चिन्हं: प, काना, ण. संपलं.

जिओपॅकेज नावाच्या दुसऱ्या प्रकारात सगळं हलवलं. एकच फाइल, आत एसक्यूलाइटचा डेटाबेस, नावं पूर्ण. आता 'पाण्याचा_प्रकार' ऐटीत उभा आहे.

१६ ऑगस्ट

विभागांची यादी नकाशातल्या इमारतींशी जोडली. नऊ इमारती जुळल्या नाहीत. स्प्रेडशीटनं ००७ चा ७ केला होता. रकाना मजकूर म्हणून आयात केला, जुळल्या. पुढे.

२३ ऑगस्ट

पहिला नकाशा तयार झाला आणि खरंच सुंदर दिसत होता. निळी वर्तुळं, करड्या इमारती, वर्तुळाच्या आतले विभाग हिरवे, बाहेर राहिलेले लाल. लाल फक्त चार. मी तो फोनवर ठेवून दिवसभर लोकांना दाखवला.

मॅडमनी बघितला. "छान. यातला कोणताही हिरवा विभाग घ्या आणि पाणी पिऊन या."

पुरातत्त्व विभाग घेतला, कारण तो वर्तुळात अगदी आत, वर्कशॉपच्या अंगणातल्या २३ क्रमांकाच्या नळापासून ६० मीटरवर. विभागाच्या मागच्या दारानं निघालो. वीस पावलं गेल्यावर भिंत. दोन पुरुष उंच, वर काचा. भिंतीपलीकडे नळ गळत होता, थेंब पत्र्यावर पडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. तो आवाज ऐकत आम्ही उभ्या, हातात रिकाम्या बाटल्या आणि फोनवर हिरवा रंग.

उलट फिरलो. विभागाला वळसा, मुख्य रस्ता, मागचं फाटक, वर्कशॉप, अंगण. फोनवर मोजत गेलो: ५४० मीटर. पाणी प्यायलो. जोडीदार तोंड पुसत म्हणाली, "पक्ष्याचं की माणसाचं." मला तो पंधरा जुलैचा पेन्सिलीचा गोल आठवला. त्या दिवशी आम्ही हसलो होतो.

वर्तुळं सगळी काढून टाकली.

६ सप्टेंबर

दोन आठवडे नोंद नाही, कारण दोन आठवडे एकच काम: पायवाटा काढणं. ओपनस्ट्रीटमॅप २००४ पासून लोकांनीच भरलेला नकाशा आहे, तिथून सुरुवात केली. मोठे रस्ते होते, पण माणसं चालतात त्या वाटा नव्हत्या. हिरवळीवरून तिरकी गेलेली वाट, दोन इमारतींमधला बोळ, जिने. आम्ही चालून, बघून त्या भरल्या, तिथेही घातल्या.

मग सर्वांत जवळच्या नळापर्यंतचा मार्ग काढायला सांगितला. आत डाइक्स्ट्राची १९५९ ची रीत चालते: सुरुवातीपासून सगळ्यांत कमी अंतराचा पुढचा चौक पक्का करत जायचं. कागदावर मी ती परीक्षेत सोडवलेली आहे. इथे तिनं गणित विभागापासून समोरच्या कूलरला जायला सबंध आवाराची प्रदक्षिणा घातली.

रीत बरोबर होती, रेषा चुकीच्या होत्या. नकाशा मोठा करत गेलो. एका पातळीवर दोन वाटा भिडलेल्या दिसतात. आणखी मोठा केला, तरी भिडलेल्या. १:१ वर, दोघींच्या मध्ये ४ सेंटीमीटरची फट. डोळ्यांना जोड दिसतो. संगणकाला एकच सामाईक बिंदू हवा, तो नव्हता, म्हणून त्याच्या लेखी तिथे दरी आहे. उलटही होतं: पुलावरून जाणारी वाट आणि खालचा रस्ता एकमेकांना छेदतात, तिथे सरसकट चौक केला की मार्ग पुलावरून खाली उडी मारतो. स्नॅपिंग (जवळची टोकं आपोआप चिकटवायची सोय) चालू ठेवून एकेक टोक बसवलं. ६३ फटी निघाल्या, त्यातल्या बहुतेक माझ्या.

अंतराऐवजी वेळ घ्यायचं ठरवलं. दोघींचा चालण्याचा वेग घड्याळ लावून मोजला, मिनिटाला ८० मीटर. म्हणजे पाच मिनिटं म्हणजे ४०० मीटर. हा आकडा आता कुठून आणला ते सांगता येईल. जिन्याचंही मोजलं, मजल्यामागे किती सेकंद, चढताना आणि उतरताना वेगळे. आमचा नकाशा सपाट आहे. तिसऱ्या मजल्यावरचा कूलर आणि तळमजल्यावरचा माणूस त्याच्यावर एकाच ठिपक्यात उभे असतात.

आणि फाटक. वहीतली ओळ सापडली: सहाला बंद. त्यामुळे वाटांच्या जाळीही दोन केल्या, दिवसाची आणि संध्याकाळची. संध्याकाळच्या जाळीत पुरातत्त्व विभागाला २३ क्रमांकाचा नळ मिळतच नाही.

१२ सप्टेंबर

माझ्या प्रांतातला दिवस. आजवर मी असंच गृहीत धरत आले की तक्त्यातल्या दोन ओळी एकमेकींना ओळखत नाहीत. इथे पहिला नियमच उलटा. वॉल्डो टोबलर यांनी १९७० मध्ये मांडलेला: सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो, पण जवळच्यांचा जास्त.

बंद नळ एकमेकांजवळ आहेत का, हे तपासायला मोरानचा निर्देशांक काढला, पॅट्रिक मोरान यांचा, १९५० चा. विखुरणी यादृच्छिक असेल तर त्याची अपेक्षित किंमत शून्य नसते, उणे १ भागिले (न उणे १) असते, न म्हणजे जागांची संख्या. ४१ जागांसाठी उणे ०.०२५. आमची किंमत त्याहून बरीच वर आली. मी खूश. मग 'शेजारी' म्हणजे जवळचे चार याऐवजी जवळचे आठ केले, तर ती खाली घसरली. शेजारी कोण हे आपणच ठरवायचं आणि त्यावर उत्तर बदलतं, हे पचायला जड गेलं. त्यात मॅडमनी दाखवून दिलं की 'चालू-बंद' अशा दोनच किमतींच्या माहितीला जॉइन काउंटची चाचणी (सारख्या शेजाऱ्यांच्या जोड्या मोजणारी) जास्त शोभते. ती केली. पुंजके आहेत, असंच निघालं.

संध्याकाळी नळदुरुस्तीवाले काका भेटले. त्यांना नकाशावरचे बंद नळ दाखवले, विचारलं, हे जवळजवळ का असतील? त्यांनी चष्मा वर केला, दोन सेकंद बघितलं. "या सगळ्यांची टाकी एकच आहे की."

माझी अख्खी दुपार, त्यांची दोन सेकंदं. पण त्यांना मी विचारलं ते चाचणीत पुंजके निघाले म्हणून, अशी मनाची समजूत घातली.

२० सप्टेंबर

विभागांऐवजी विद्याशाखेनुसार सरासरी काढली तर सगळं आवार ठीकठाक दिसतं. १०० मीटरच्या चौकटी टाकल्या तर पूर्व कोपरा भयंकर. चौकटींचं जाळं ५० मीटर सरकवलं तर कोपरा सुधारला! माहिती तीच, नळ तेच, फक्त रेघा हलल्या.

याला नाव आहे: बदलत्या क्षेत्र-एककाचा प्रश्न. ओपनशॉ आणि टेलर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या ९९ काउंटी निरनिराळ्या तऱ्हांनी एकत्र बांधून पाहिल्या. वयस्कर लोकांचं प्रमाण आणि रिपब्लिकन मतं यांचा सहसंबंध, गठ्ठे कसे बांधले त्यावर, जवळजवळ पूर्ण उण्यापासून जवळजवळ पूर्ण अधिकापर्यंत मिळाला. कोणाला हवं ते सिद्ध करा.

आम्ही गठ्ठेच बांधायचे नाहीत असं ठरवलं. प्रत्येक इमारतीचं दार हा एक बिंदू, आणि त्या दारापासूनची मिनिटं. नकाशा कमी देखणा झाला.

२७ सप्टेंबर

रंग. लाल-हिरवा वापरला होता. वर्गातला एकजण म्हणाला, "यात दोन रंग आहेत होय?" त्याला ते वेगळे दिसतच नाहीत. आता फिकट ते गडद निळा. मिनिटांचे वर्ग पाडताना सॉफ्टवेअरनं सुचवलेले नैसर्गिक खंड (आकड्यांतल्या मोकळ्या जागा बघून पाडलेले वर्ग) नाकारले. आमचा पाच मिनिटांचा आकडा एका वर्गाच्या मधोमध येत होता.

४ ऑक्टोबर

अहवालाच्या प्रस्तावनेसाठी स्नोचं पुन्हा वाचायला घेतलं आणि थांबले. त्याच्या नकाशाच्या नंतरच्या आवृत्तीत एक ठिपक्यांची रेषा आहे. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे इतर पंप यांच्यापासून सारख्या अंतरावरच्या जागा जोडणारी. आणि हे अंतर त्यानं सरळ रेषेत मोजलेलं नाही. रस्त्यानं, चालत जाणाऱ्या माणसाचं मोजलंय.

आम्ही १९ जुलैला वीस मिनिटांत त्याच्या पंपांचे जे व्होरोनॉय पाडले, ते सरळ रेषेचे होते. पक्ष्याचे. जोडीदाराला फोन करून वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणि आपण त्याला बिचारा म्हणालो."

रात्री लंडनचे तेच ठिपके घेऊन रस्त्यांच्या जाळीवरून ती रेषा काढून पाहिली. सरळ रेषेच्या राज्यांत काही घरं एका पंपाची होती, ती चालण्याच्या हिशोबात दुसऱ्या पंपाकडे गेली. हे परिशिष्टात टाकलं.

९ ऑक्टोबर

अहवाल दिला. पाच मिनिटांपलीकडचे विभाग दिवसा सात, संध्याकाळी अकरा. वर्तुळांच्या नकाशात ते चार होते, आणि त्या चारांतला एक खरं तर जवळचा निघाला: त्याच्या दारासमोरून हिरवळीतून थेट वाट जाते आणि २६० मीटरवर कूलर आहे. मर्यादांच्या पानावर चालण्याचा वेग आमच्या दोघींचा आहे, कुबड्या किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी जिन्याच्या सगळ्या वाटा काढून जाळी पुन्हा मांडावी लागेल, असं लिहिलं. जोडीदार म्हणते, पुढच्या सत्रात तेच करू.

नकाशाची एक मोठी प्रत छापली होती, ती मागच्या फाटकावर काकांना दिली. त्यांनी ती टेबलावर पसरली, चारी कोपऱ्यांवर काही ना काही ठेवलं, आणि आधी स्वतःचं फाटक शोधलं. मग बोट सरकवत वर्कशॉपपर्यंत गेले.

"हा २३ नंबर चालू दाखवलाय तुम्ही."

"हो, चालूच होता. गळत होता."

"गळत होता म्हणून तर काढला. कालपासून बंद आहे."

फोन काढला, २३ क्रमांकाची नोंद उघडली. चालू आहे का: नाही. तारीख: ९ ऑक्टोबर. वेळ: ५.४०. काकांनी फाटकाची किल्ली हातात घेतली होती, म्हणून आम्ही आत राहायच्या आधी निघालो.